व्याह्यांच्या मळ्यातली लवकी

फळं-भाज्या खाऊन कोणाचं कधी वाईट झालं नाही, असं छातीठोक सांगणारा माणूस भेटला की मी आधी त्याची छाती बघतो. ती बहुधा ठोकण्यासारखी नसते. माझे व्याही केशवराव यांच्या तर शर्टाबाहेरूनही फासळ्या मोजून घ्याव्यात. व्याही म्हणजे, तेव्हा ते अजून पुरते व्याही झालेले नव्हते. ते व्हायच्या आतच त्यांच्या मळ्यातल्या एका लवकीनं, पुण्याकडचे लोक जिला दुधी भोपळा म्हणून मान देतात तिनं, मला दवाखान्यात पाडलं, पोलिसांसमोर बसवलं आणि माझ्या एकुलत्या एका मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, मोडायला आणलं. मी नारायण पातूरकर, अमरावतीच्या कोर्टात वकिली करतो. आजवर पुष्कळ लोकांकडून शपथेवर खोटं ऐकलं आहे. हे मात्र खरं आहे.

माझी जुईली आणि केशवरावांचा अद्वैत पुण्याला एकाच कंपनीत आहेत. लग्न त्यांनी आपसात ठरवूनच टाकलं होतं. आम्हा मोठ्यांसाठी फक्त माना डोलवायचं आणि साक्षगंधाची तारीख काढायचं काम शिल्लक ठेवलं होतं. तेवढं उरकायला आम्ही अकोल्याला केशवरावांकडे गेलो. केशवराव निवृत्त मुख्याध्यापक. माणूस शाळेतून निवृत्त होतो, मुख्याध्यापकीतून होत नाही. आता विद्यार्थी उरले नाहीत म्हणून त्यांनी फळभाजी प्रसारक मंडळ काढलं आहे आणि जो भेटेल त्याला ते वर्गात बसवतात.

चहापाणी आलं. त्यात चहा नव्हता. पाणी होतं आणि त्यात पुदिन्याची पानं तरंगत होती. बशीत काकडी, गाजर आणि मुळा. मुलीकडचे लोक पहिल्यांदा घरी आलेत आणि त्यांच्यासमोर मुळा ठेवतात, हे मी वऱ्हाडात तरी कधी पाहिलं नव्हतं. सुंदराबाई, म्हणजे विहीणबाई, बशी ठेवताना माझ्या नजरेला नजर देईनात. मी त्यांना दोष देत नाही.

केशवरावांनी मुळ्याचा एक तुकडा शांतपणे चावून संपवला आणि मला विचारलं, "वकीलसाहेब, तुमचं पोट कधीपासून आहे?"

दमा कधीपासून आहे, असं विचारावं त्या सुरात. मी म्हणालो, "जन्मापासून." चारुशीलेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, माझ्या पायावर पाय दिला. पण केशवराव हसले नाहीत. या माणसाला विनोद पचत नाही, काकडी पचते. त्यांनी मग फळं-भाज्या खाल्ल्यानं काय काय होतं ते सांगितलं. रक्त शुद्ध होतं, बुद्धी तल्लख होते, राग जातो. शेवटचं सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि नेमका मला राग आला.

मग माझ्या तोंडून ते वाक्य गेलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी म्हणालो, "अहो, आमच्या घरीही हेच चालतं. सकाळी भाज्यांचा रस घेतल्याशिवाय मी कोर्टाची पायरी चढत नाही."

कोर्टाची पायरी मी कचोरी खाल्ल्याशिवाय चढत नाही, हे अमरावतीत कोणीही सांगेल. पण हे अकोला होतं. केशवरावांचा चेहरा एकदम उजळला. ते म्हणाले, "मग एकत्रच घेऊ की. सकाळी सात वाजता मी व्हिडिओ कॉल लावत जाईन. तुमच्या हातात ग्लास, माझ्या हातात ग्लास. सोयरीक अशी जुळली पाहिजे."

परतीच्या वाटेवर मूर्तिजापूर मागे पडलं. मग जुईली हळूच म्हणाली, "बाबा, अद्वैतच्या बाबांना बाकी सगळं चालतं. खोटं तेवढं चालत नाही. अद्वैतची पहिली सोयरीक त्यांनी तेवढ्यावरून मोडली होती." झालं. म्हणजे आता रस पिणं आलं. पोरीच्या लग्नासाठी बाप लोक जमिनी विकतात. मला फक्त पालक प्यायचा होता, अशी मी स्वतःची समजूत घातली.

रसाचं यंत्र आणलं. आमच्या शेजारी बद्रुद्दीनभाई राहतात, त्यांचा फळांचा ठोक धंदा आहे. यंत्राचा आवाज ऐकून ते कंपाउंडवरून डोकावले. मी हकिकत सांगितली. बद्रुद्दीनभाई स्वतः फळाला शिवत नाहीत. दिवसभर फळातच तर असतो, घरी कशाला, असं त्यांचं म्हणणं. पण सल्ला देताना त्यांचा हात आखडत नाही. त्यांनी चिकू, द्राक्षं, केळी असा माल पाठवला. मी म्हणालो, "भाई, यात साखर असते ना?" तर ते हसले. "वकीलसाब, फल में शक्कर नहीं होती, मिठास होती है. शक्कर अलग, मिठास अलग." या सिद्धांतावर विसंबून मी जेवणाआधी चिकू, जेवणानंतर द्राक्षं आणि मधे केळी असा क्रम लावला. कमरेचा पट्टा सैल व्हायच्याऐवजी बाहेरच्या भोकावर गेला. मी तक्रार केली तेव्हा भाई म्हणाले, "ये अंदर की गंदगी निकल रही है." निकल रही है तर पोट आत जायला हवं होतं. पण फळवाल्याशी वाद घालून आजवर कोण जिंकलं आहे?

रोज सकाळी सातला केशवरावांचं डोकं फोनवर उगवायचं. त्यांच्या हातात हिरवा ग्लास, माझ्या हातात हिरवा ग्लास. "काय, आज पालक?" "पालक." "वा!" एवढा संवाद. मग दोघांनी एकमेकांकडे बघत बघत तो संपवायचा. वर्षानुवर्षं संसार केलेल्या बायकोच्या डोळ्यांतही मी कधी इतका वेळ पाहिलं नसेल.

बीटाचा प्रकार सांगायलाच हवा. एका सकाळी बीटाचा रस झाला. संध्याकाळी मोरीत गेलो आणि बघतो तर लाल. मी तसाच रिक्षात बसून डॉक्टरांकडे गेलो. वाटेत मृत्युपत्राचा मसुदा मनात तयार केला, जुईलीच्या लग्नाची तरतूद वेगळी काढली. डॉक्टर तरुण होता. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, बीट खाल्लं होतं का?" मी हो म्हणालो. तो म्हणाला, "जा घरी." बाहेर बसलेल्या सगळ्या रोग्यांना ते ऐकू गेलं. माझ्याच एका पक्षकाराची सासू तिथं बसली होती.

कोर्टात त्याहून वाईट. फळा-भाज्यांनी पोट साफ राहतं म्हणतात. माझं पोट साफ राहिलं की नाही ते सोडा, ते बोलायला लागलं. उलटतपासणी चालू असताना मी साक्षीदाराला दरडावून विचारलं, "तुम्ही त्या दिवशी शेतात होता की नव्हता?" साक्षीदार गप्प. त्या शांततेत माझ्या पोटातून एक दीर्घ, चढत जाणारा आवाज निघाला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. साक्षीदार धीटपणे म्हणाला, "साहेब, तुमी आधी जेवून घ्या." माझ्या वकिलीत मला इतकं लागेल असं कोणी बोललं नव्हतं, आणि तो साक्षीदार समोरच्या बाजूचा होता.

यात भर म्हणून बद्रुद्दीनभाईंच्या बायकोनं, खुर्शीदबींनी, गच्चीवरची कारली पाठवली. "इनका रस पिओ भाईजान. जितना कडवा, उतना फायदा." मी प्यालो. पहिल्या दिवशी जीव जाईल असं वाटलं. मग सवय झाली. आणि घात झाला तो इथेच. कडू लागलं की काहीतरी चांगलं घडतंय, असं माझी जीभ मानायला लागली.

साक्षगंध आठवड्यावर आलं. अद्वैत दोन दिवस घरी आला होता, तो परत पुण्याला जाताना वाकडी वाट करून आमच्याकडे एक पोतं टाकून गेला. केशवरावांचा मूर्तिजापूरजवळ मळा आहे, तिथला भाजीपाला. वर त्यांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी: उद्या दोघांनीही लवकी. पोत्यातली लवकी दिसायला देखणी होती. हिरवीगार, लांब, व्याह्यांसारखीच सरळ.

सकाळी मी तिचे तुकडे करत होतो तेव्हा चारुशीला म्हणाली, "अहो, आधी चाखून बघा एक तुकडा. लवकी-काकडी चाखल्याशिवाय कोणी घेतं का?"

"व्याह्यांच्या मळ्यातली आहे," मी म्हणालो. "चाखून बघितली असं कळलं तर काय वाटेल त्यांना?"

"त्यांना कोण सांगायला चाललंय?"

तेवढ्यात फोन वाजला. केशवराव ग्लास घेऊन तयारच होते. मी घाईघाईनं यंत्र फिरवलं, ग्लास भरला आणि पहिला घोट घेतला. कारलं म्हणजे गुळाचा खडा वाटावा, इतकी ती लवकी कडू होती. जीभ मुळापासून आकसली. समोर केशवराव आनंदानं घटाघटा पीत होते. त्यांच्या ग्लासातली लवकी बहुधा गोड निघाली असावी. ते म्हणाले, "कशी आहे आमच्या मळ्याची?"

आता मुलीच्या होणाऱ्या सासऱ्यानं प्रेमानं पाठवलेली वस्तू, ती तो समोर बघत असताना, तोंडातून बाहेर कशी काढायची? सोयऱ्याच्या ताटातलं टाकू नये हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मी म्हणालो, "उत्तम," आणि उरलेला ग्लास डोळे मिटून रिकामा केला. चारुशीला दारात उभी होती. तिनं कपाळावर हात मारून घेतला.

पुढचं वर्णन जेवायला बसलेल्या वाचकांसाठी नाही. थोडक्यात सांगतो. पोटात कोणीतरी खलबत्ता घेऊन बसलं. मोरीतून मी बाहेर येईना. मग चक्कर, मग अंधार, मग बद्रुद्दीनभाईंची गाडी. शुद्ध आली तेव्हा हाताला सलाईन होतं आणि तोच तरुण डॉक्टर समोर होता. वेलीवर एखादी लवकी कधीकधी अशी कडू निपजते, ती पोटाला विषच असते, थोडक्यात वाचलात, असं तो म्हणाला. मला वाटलं, विषय संपला. पण त्यानं कागदावर विषबाधा असं लिहिलं होतं. विषबाधा लिहिली की दवाखान्याला पोलिसांना कळवावं लागतं. हा नियम मला पाठ आहे. पंधरा जणांच्या केसमध्ये मी तो वापरला आहे. तो आपल्याला लागतो तेव्हा कसा दिसतो, ते त्या दिवशी कळलं.

जबाब घ्यायला चंदाताई नावाच्या हवालदार आल्या. कोर्टात त्या मला नमस्कार करतात. त्या दिवशी केला नाही. खुर्ची ओढून त्यांनी मायेनं विचारलं, "साहेब, खरं सांगा. काय घेतलं?"

"लवकीचा रस."

"तो झाला. पण कशात मिसळून घेतला, ते सांगा."

"कशातच नाही. नुसती लवकी."

"लवकीनं कोनाले काई होते काय साहेब? मी घरी रोज करतो लवकी." त्यांनी बाहेर बसलेल्या चारुशीलेकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "रस कोनं काढला? बाईंनी?"

"मीच काढला."

"बाईले वाचवून राहिले काय तुमी?"

मी वकिली सुरात सांगायला लागलो की वेलवर्गीय भाज्यांमध्ये क्वचित... पण मला उलटी झाली आणि युक्तिवाद अर्धाच राहिला. चंदाताईंनी लिहिलं की जबाब देणारा घाबरलेला दिसतो. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. "घरी लगन हाय म्हनता न? पोराकडच्यांनी काई मांगतलं काय? मनमोकळं बोला. कायदा हाय."

"काही मागितलं नाही. उलट लवकी दिली."

माझी जीभ मला दुसऱ्यांदा नडली. चंदाताईंची लेखणी थांबली. "लवकी त्यायनं देली?" असं म्हणून त्यांनी केशवरावांचं नाव, गाव, फोन नंबर सगळं काढून घेतलं. मी ग्लानीत होतो, पण वकील असून एवढं सांगायला नको होतं. जाताना आमच्या घरी पंचनामा झाला आणि पोत्यातल्या उरलेल्या लवक्या मुद्देमाल म्हणून जप्त झाल्या. अमरावतीच्या गुन्हेगारीच्या इतिहासात लवकी जप्त होण्याची ही पहिलीच वेळ असावी. खुर्शीदबी म्हणाल्या, निदान त्यांची भाजी तरी करा, तर चंदाताईंनी त्यांनाही दोन प्रश्न विचारले.

मी दवाखान्यात असताना गावात काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. कोर्टात वकिलांच्या बार रूममध्ये बातमी पोचली ती अशी: पातूरकरांनी काहीतरी घेतलं. "काहीतरी घेतलं" याचा अर्थ वऱ्हाडात एकच होतो. मग कारणं निघाली. एकानं सांगितलं, मुलीच्या लग्नाचा बोजा. दुसरा म्हणाला, तिकडच्यांनी गाडी मागितली. जो वकील माझ्या प्रत्येक केसमध्ये तारीख वाढवून घेतो तो म्हणे गहिवरून बोलला की नारायण माणूस चांगला होता. होता! विम्याच्या कंपनीनंही विचारलं की हे तुम्ही स्वतः करून घेतलं का. मी म्हणालो हो, कारण रस मीच काढला होता. त्यांनी लगेच फाइल बंद केली.

आणि केशवरावांना चंदाताईंचा फोन गेला होता. अकोल्यात, मंडळाची बैठक चालू असताना. लाऊडस्पीकरवर.

मी घरी आलो त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. व्हिडिओ नव्हता. "वकीलसाहेब," ते म्हणाले, "माझ्या मळ्यात औषधाचा थेंब पडत नाही. त्या मळ्याचं नाव तुम्ही पोलिसात दिलंत. माझ्या मुलासाठी आम्ही हुंडा मागितला का, असा प्रश्न मला चार लोकांदेखत ऐकावा लागला. पोलीस म्हणतात तशी तुम्हाला लवकी कडू लागली होती, तर तुम्ही उत्तम का म्हणालात? पोलिसांना सांगितलंत ते किंवा मला सांगितलंत ते, एक तरी खोटं आहे. साक्षगंध सध्या नको."

त्यांनी फोन ठेवला.

जुईली रात्रीच्या गाडीनं पुण्याहून आली. मला वाटलं रडेल, चिडेल. ती माझ्याशेजारी बसली आणि माझ्या हाताला सलाईनची सुई जिथं टोचली होती तिथं बोट ठेवून म्हणाली, "दुखतंय का?" मग म्हणाली, "बाबा, लग्न आम्ही उद्याही करू शकतो, रजिस्टर. अद्वैत तयार आहे. पण मला तसं नको आहे. मला दोन्ही घरं हवीत. तुम्ही एकदा जाऊन या." आणि ती उठून आत गेली. माझ्या मुलीनं माझ्याकडे लहानपणापासून काही मागितलेलं नाही. जे हवं ते ती स्वतः मिळवत आली. त्या रात्री मला झोप लागली नाही. केशवरावांच्या मुळ्याला, मंडळाला, मळ्याला मी मनातल्या मनात जेवढ्या शिव्या दिल्या, तेवढ्याच स्वतःलाही दिल्या.

सकाळी बद्रुद्दीनभाईंना बरोबर घेतलं. गाडी त्यांची, आणि शिवाय मला साक्षीदार हवा होता. आयुष्यभर फळा-भाज्यांचा धंदा केलेला माणूस, लवकी कडू असू शकते एवढं त्यांनी सांगितलं असतं तरी पुरे होतं. वाटेत मी त्यांना नीट पढवलं. त्यांनी मान डोलावली. साक्षीदार गाडीत मान डोलावतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

केशवराव ओसरीवर बसले होते. मी सगळं सांगितलं. कचोरीसुद्धा सांगितली. लवकी पहिल्याच घोटाला कडू लागली होती आणि तरी मी उत्तम म्हणालो, हेही सांगितलं. केशवराव म्हणाले, "माझ्या मळ्यातली लवकी कडू निघत नाही." मी अखेरचं अस्त्र काढलं. "बद्रुद्दीनभाईंना विचारा. यांचं आयुष्य यात गेलं."

बद्रुद्दीनभाईंनी दाढीवरून हात फिरवला. समोर शिक्षक बसलेले पाहून त्यांना काय झालं कोण जाणे. "सर," ते म्हणाले, "अल्लाह झूठ ना बुलवाए, इतनी उमर गई मेरी इस धंदे में. लौकी से कोई बीमार हुआ, ये मैंने तो आज तक सुना नहीं. लौकी तो ठंडी होती है."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहून प्रामाणिकपणे हसले. फुटलेल्या साक्षीदारासारखं दुखणं नाही, आणि हा तर माझा शेजारी.

केशवरावांना तेवढंच हवं होतं. ते ताडकन उठले. "कालच मळ्यातून आल्या आहेत. त्याच वेलीच्या. बघाच तुम्ही." आणि टोपलीतली एक लवकी घेऊन ते स्वयंपाकघरात गेले. सुंदराबाई मागे धावल्या. "अवो, थांबा जरासे. मी चाखून पायतो आधी."

"चाखायची गरज नाही. मला माझा मळा माहीत आहे."

यंत्र फिरलं. केशवराव भरलेला ग्लास घेऊन बाहेर आले आणि माझ्या समोरच्या खुर्चीवर ताठ बसले. मी म्हणालो, "केशवराव, हात जोडतो, पिऊ नका. माझं चुकलं. लवकी गोड होती असं मी पोलिसांना लिहून देतो."

"म्हणजे पुन्हा खोटं?" ते म्हणाले, आणि त्यांनी पहिला घोट घेतला.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. भुवई हलली. गळ्याची घाटी मधेच थांबली. मला कळलं. ज्याला ते एकदा झालेलं आहे, त्याला ते लपत नाही. मी उठून ग्लास धरायला गेलो तर त्यांनी हात बाजूला घेतला आणि माझ्याकडे बघत बघत, एका दमात, ग्लास रिकामा केला. मिशी पुसली. "उत्तम," ते म्हणाले.

मग घामाचे थेंब आले. मग ते उठले. मोरीपर्यंत पोचले नाहीत. बद्रुद्दीनभाईंनी, त्यांना या बाबतीत सरावच झाला होता, गाडी दारात लावली. मी आणि सुंदराबाईंनी त्यांना धरून मागच्या सीटवर बसवलं. वजन असं नव्हतंच. पोरगं उचलल्यासारखं वाटलं. सबंध वाटभर त्यांचं डोकं माझ्या पोटावर होतं. मला मनापासून भीती वाटली. हा माणूस गेला तर जुईलीच्या चेहऱ्याकडे मी कुठल्या तोंडानं बघणार होतो? बद्रुद्दीनभाई पुढून म्हणाले, "साब, लौकी ही थी ना?" मी म्हणालो, भाई, पुढे बघून चालवा.

अकोल्याच्या डॉक्टरनंही विषबाधा लिहिलं. अकोल्याचाही नियम तोच. दुपारनंतर केशवराव शुद्धीवर आले, सलाईन चालू झालं आणि दाराशी एक जमादार येऊन उभा राहिला. त्याला अमरावतीचा प्रकार कोणीतरी आधीच सांगितला असावा, कारण त्यानं मला नीट निरखून पाहिलं. मग पलंगापाशी जाऊन विचारलं, "सर, हे घडलं तवा घरी कोन होतं?"

"हे होते," केशवराव म्हणाले.

"हे म्हनजे तेच काय, ज्यायनं तुमचं नाव पोलिसात देलं होतं?"

"तेच."

"मंग तुमाले कोनावर संशय हाय काय?"

सुंदराबाई पदर तोंडाशी धरून उभ्या. न्यायाधीश निकाल वाचत असताना मी जन्मभर उभा राहिलो आहे, पण निकाल नेहमी दुसऱ्याचा असायचा. या माणसाला भर सभेत पोलिसांचा फोन माझ्यामुळे आला होता. आता नुसतं माझं नाव घेतलं असतं तरी फिटंफाट झाली असती, आणि माझ्या पोरीचं दुसरं घर गेलं असतं.

केशवरावांनी माझ्याकडे पाहिलं. मग जमादाराला म्हणाले, "लिहा. मळा माझा, लवकी माझी, रस मी काढला. हे नको म्हणत होते. हात जोडत होते."

"कडू नाई लागली काय सर?"

"पहिल्याच घोटाला लागली."

"मंग काहून पेले पुरा ग्लास?"

मुख्याध्यापकानं डोळे मिटून घेतले. आवाज अगदी बारीक झाला. "व्याही समोर बसले होते."

जमादार लेखणी वर धरून थांबला. "सर, असं नाई लिहिता येत. कारन पायजे."

"हेच कारण आहे," मी म्हणालो. "लिहा तुम्ही. साक्षीदार म्हणून मी सही करतो."

त्यानं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मान हलवत लिहून घेतलं. मी सही केली. सुंदराबाई भिंतीकडे तोंड करून हसत होत्या की रडत होत्या, ते मला कळलं नाही.

जमादार गेल्यावर केशवरावांनी खुणेनं मला जवळ बोलावलं. मी वाकलो. "जुईलीला फोन लावा," ते म्हणाले. "साक्षगंध ठरल्या दिवशीच होईल."

मी नंबर शोधत होतो तेवढ्यात त्यांनी माझी बाही धरली.

"पण वकीलसाहेब, पंगतीत आपण दोघं समोरासमोर बसायचं नाही."